डोनर गाडी फोडण्याआधी हे वाचा: जुन्या जीप पिकअपसाठी इंजिन, गिअरबॉक्स आणि हाउसिंग (चाकांमधला एक्सल) काढायची पद्धत

बहुतेकांचं काय होतं, स्वस्तात एक अॅक्सिडेंटची कमांडर किंवा मार्शल (महिंद्राच्या जीपा) डोनर म्हणून, म्हणजे भाग काढून घ्यायला, मिळते, आणल्या दिवशीच चेनपुली लावून इंजिन वर, उरलेली गाडी किलोच्या भावाने भंगारवाल्याला, आणि तीन महिन्यांनी पिकअपमध्ये इंजिन बसवायला घेतलं की कळतं क्लचचा काटा नाही, फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकतं त्या रबरी बैठकांचे) ब्रॅकेट चासीबरोबर गेले, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) तर आठवतच नाही कुठे गेला. इंजिन आहे पण गाडी अडकली. अशा अडकलेल्या गाड्या गॅरेजच्या मागे गवतात उभ्या असतात, सगळ्यांनी बघितल्या असतील.

खाली धरलेली केस अशी: आपली गाडी म्हणजे महिंद्रा-विलीज सीजे३बी घराण्यातली जुनी पिकअप, हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स, मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा). डोनर म्हणजे एमएम५४०, कमांडर, मार्शल नाहीतर सुरुवातीची बोलेरो. गाडी दुसरी असली तरी क्रम हाच. फक्त आकडे आपापले मोजून घ्या, माझ्याकडचे उचलू नका.

## ०. कागद आधी, पाना नंतर

कंटाळवाणं आहे पण इथेच सगळ्यात महाग चूक होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. पेट्रोल काढून डिझेल टाकलं म्हणजे इंजिन नंबर बदलला, इंधनही बदललं. म्हणून आरटीओत विचारणा आधी करायची. आधी बसवू, मग बघू असं करू नका, पासिंगच्या वेळी तोंडघशी पडाल. इन्शुरन्सवाल्यालाही कळवावं लागतं.

डोनरकडून काय काय घ्यायचं: मूळ आरसी, विकणाऱ्याची सही असलेली पावती ज्यात इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही लिहिलेले आहेत, आणि बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा कागद. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (कलम ५५), ते त्याने केलंय का विचारा, नाहीतर गाडी कागदावर जिवंत आणि तुमच्या अंगणात तुकडे, हा ताप कोणाला हवाय.

अजून एक. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आलेत, 'व्हीए' असलेला नंबर मिळतो, त्यात चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको अशी अट आहे. तो नंबर मनात असेल तर इंजिन बदलायचा विचार इथेच सोडा आणि आहे तेच हरिकेन बांधून घ्या. दोन्ही साधत नाही.

तपासा: डोनरच्या ब्लॉकवरचा इंजिन नंबर वायर ब्रशने साफ करून स्वतः वाचला? पावतीवरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळतो? ग्राइंडर मारल्यासारखं दिसत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा, कितीही स्वस्त असला तरी.

## १. डोनर निवडताना बघायच्या गोष्टी

शक्यतो चालू गाडी घ्या. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्यात सुटं इंजिन मिळतं, नाही असं नाही, पण जमिनीवर पडलेल्या इंजिनाबद्दल विकणारा सांगेल तेवढंच कळतं. पूर्ण गाडी असली की थंड इंजिन स्वतः चालू करून बघता येतं, आणि थंडच बघायचं, आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं काहीतरी लपवतोय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. थोडी वाफ असतेच, पण धुराचे भपके येत असतील तर रिंगा गेल्यात. मग गाडी चालवा, प्रत्येक गिअरमध्ये वेग घ्या आणि पाय काढा. पाय काढल्यावर लिव्हर उडून न्यूट्रलला येत असेल तर बॉक्स उघडावा लागणार, तेवढे पैसे भावातून कमी करा.

टू व्हील की फोर व्हील हे नीट बघा, कारण इथे निम्मे लोक फसतात. जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्ट होते आणि बॉक्सच्या मेन शाफ्टवरच्या गिअरवर चालते. टू व्हील ड्राइव्ह डोनरच्या बॉक्सची शेपटी वेगळी असते, त्यावर तुमची ट्रान्सफर केस लागत नाही. तसंच हाउसिंगचं. स्पायसर १८ मधून शाफ्ट उजव्या अंगाने बाहेर येतो म्हणून जुन्या फोर बाय फोर जीपच्या मागच्या हाउसिंगचा गोळा (डिफरन्शियलचा फुगीर भाग) मध्यावर नसून उजवीकडे सरकलेला असतो. टू व्हीलवाल्या गाड्यांचा गोळा बरोब्बर मध्ये. मधला गोळा आणि उजवा शाफ्ट अशी जोडी लावली की शाफ्ट तिरका चालतो आणि क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा) खातो.

आणि कॉमन रेल डिझेल, म्हणजे सीआरडीईवाली बोलेरो स्वस्त मिळाली म्हणून उड्या मारू नका. ते इंजिन एकटं चालत नाही, त्याला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, अॅक्सलरेटर पेडल, सगळे सेन्सर, चावीचा इमोबिलायझर असेल तर तोही लागतो. यांत्रिक पंपवालं इंजिन (प्यूजो घराण्यातलं एक्सडीपी, एक्सडी३पी किंवा महिंद्राचं नंतरचं एमडीआय) जुन्या गाडीला जास्त मानवतं, माझं तरी हेच मत आहे. त्यातही एक्सडीपी आणि एक्सडी३पीला ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना आतून तापवणारे) असतात, त्यांची रिले आणि वायर डोनरमधूनच काढून घ्यायची.

## २. काहीही सोडवण्याआधी मोजमाप

डोनर स्वतःच्या चाकांवर, सपाट जागी, हवा बरोबर भरलेली. या अवस्थेतली मापं नंतर परत कधीच मिळणार नाहीत, गाडी एकदा घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढली की संपलं.

वहीत लिहायच्या गोष्टी: इंजिनाचा मागे झुकाव किती (मोबाइलवर अँगलचं अॅप असतं, क्रँक पुलीच्या तोंडावर धरा), पिनियनच्या (हाउसिंगमध्ये शिरणाऱ्या छोट्या गिअरच्या) फ्लँजचा कोन, एका फाउंडेशनपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर, पुढच्या पुलीपासून बेल हाउसिंगच्या मागच्या तोंडापर्यंतची लांबी, गिअर लिव्हर बेल हाउसिंगपासून किती मागे येतो, ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, सेल्फ (स्टार्टर) आणि एक्झॉस्ट कोणत्या बाजूला. मग हीच मापं आपल्या पिकअपवर घ्या. ऑइल चेंबर पुढच्या एक्सलवर किंवा क्रॉस मेंबरवर आदळणार असेल, किंवा एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटणार असेल, तर ते वहीत कळलेलं बरं, हवेत लटकत्या इंजिनावर नको.

आता रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरतो. हाउसिंगवरची पट्टी बहुतेक वेळा गेलेली असते म्हणून हाताने मोजा. एकच मागचं चाक उचला, बाकीच्या चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जितके फेरे तितका रेशो. दोन फेरे कशाला? तर दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्याने डिफरन्शियल निम्म्याच वेगाने फिरतं. एक फेरा फिरवून मोजणारे लोक निम्मा आकडा घेऊन येतात आणि वाद घालत बसतात.

जुन्या सीजे३बीला ५.३८ असतो, म्हणजे क्राउनला (पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गिअरला) ४३ दात आणि पिनियनला ८. १६ इंची जुन्या टायरवर ताशी ८० ला प्रोपेलर शाफ्ट जवळपास ३,२०० फेरे मारतो, टॉप गिअर सरळ असला की इंजिनही तेवढंच. पेट्रोलला हे एकवेळ चाललं, जुन्या डिझेलचा त्या फेऱ्यांवर नुसता आरडाओरडा. ४.१ च्या आसपासचा रेशो असेल तर तोच आकडा २,४०० वर येतो. म्हणून डिझेल घ्यायचं तर हाउसिंगही त्याच डोनरचं घ्या असं मी म्हणतो.

थांबा: गाडी फोर बाय फोर ठेवायची असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे. मागचं हाउसिंग बदलून पुढचं जुनंच ठेवलं आणि डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावली तर काहीतरी तुटणारच.

## ३. जागा आणि हत्यारं

काँक्रीटची फरशी पाहिजे. मातीवर घोडी रुतते, आणि पावसाळ्यात तर नादच करू नका. चेनपुली दीड-दोन टनाची, आणि ती ज्याला टांगणार तो लोखंडी गर्डर किंवा तीन पायांचं घोडं तेवढंच दमदार, पत्र्याच्या शेडचा अँगल चालत नाही. चार घोड्या, ट्रॉली जॅक, गोटी सेट, रिंग पाने, मोठा पाइप लीव्हरसाठी, सेंटर पंच, मास्किंग टेप, जाड मार्कर, झिप पिशव्या भरपूर.

पाने घेताना: विलीज घराण्याच्या जुन्या गाडीचे नट इंची, प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरचे. दोन्ही सेट हवेत. इंची नटावर मिलिमीटरचा पाना घालून जवळपास बसतंय म्हणून ओढला की कोपरे गेलेच.

आदल्या दिवशी गाडी धुऊन घ्या, चासीखालून सुद्धा. चिखलात बोल्टचं डोकं दिसत नाही. धुतल्यावर एक्झॉस्टचे स्टड, यू-बोल्ट, बेल हाउसिंगचे बोल्ट यांवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर सोडा.

## ४. काढण्याचा क्रम

१. फोटो. मोबाइलवर ढिगाने, प्रत्येक पाइप, वायर, ब्रॅकेट दोन बाजूंनी. फोटोत शेजारची ओळखीची वस्तू येऊ द्या, नुसत्या बोल्टचा क्लोजअप नंतर कशाचा ते कळत नाही.

२. बॅटरी. निगेटिव्ह आधी, मग पॉझिटिव्ह.

३. ऑइल आणि पाणी काढणे. गिअरबॉक्स आणि हाउसिंगचा भरायचा बूच आधी सोडवून बघा, तो सुटला तरच खालचा सोडवा. उलटं केलं आणि वरचा बूच अडकला तर तेल निघून गेलेलं, भरता येत नाही, आणि चाचणी घ्यायची तर कोरडा बॉक्स. निघालेलं तेल स्वच्छ डब्यात घेऊन चुंबक फिरवा. राखाडी लेप चिकटणं नेहमीचं, पण चकचकीत तुकडे किंवा दाताचा कण दिसला तर बॉक्स उघडल्याशिवाय बसवायचा नाही.

४. बॉनेट, ग्रिल, रेडिएटर. डिझेल इंजिनाला जुन्या पेट्रोलचा रेडिएटर पुरेल असं धरू नका, डोनरचा रेडिएटर, फॅन, शेप दिलेले होज पाइप सगळं ठेवा.

५. वायरिंग. कापायचं नाही. प्रत्येक कनेक्टरला टेप, टेपवर नाव, मग सोडवायचं. कापावंच लागलं तर कनेक्टरपासून हातभर वायर ठेवून कापा. अल्टरनेटर सोडताना मागे बघा, बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप त्यालाच जोडलेला असतो, त्याचे व्हॅक्यूम आणि ऑइल पाइप हमखास राहून जातात. पेट्रोल गाडीला व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलला असा मिळत नाही, त्यामुळे पंप राहिला तर बूस्टर नुसता शोभेला.

६. डिझेलचे पाइप. टाकीकडून येणारा आणि परत जाणारा असे दोन. तुमच्या पेट्रोल टाकीला परतीचं तोंड बहुधा नसणार, म्हणून डोनरच्या टाकीचा फ्लोट आणि पाइपचा भाग काढून ठेवा. उघड्या तोंडांना लगेच टोप्या. पंपात आणि डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये धूळ गेली की खर्च सुरू.

७. प्रोपेलर शाफ्ट. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि मधल्या सरकत्या जोडावर सेंटर पंचने खूण. सरकता जोड निसटून एक-दोन दात पुढे-मागे बसला की दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी ५० च्या पुढे थरथरते, मग लोक बॅलन्सिंगला पैसे घालतात. क्रॉसच्या टोप्यांना टेप गुंडाळा, नाहीतर सुया फरशीभर.

थांबा, हे जिवाचं आहे: जुन्या विलीज जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. प्रोपेलर शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी मोकळी, उतारावर सरळ निघून जाते. डोनर असो की तुमची पिकअप, शाफ्टला हात लावण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे.

८. क्लच, गिअर, स्पीडोमीटर. क्लच केबलचा असो की हायड्रॉलिकचा, पेडलपासून काट्यापर्यंतचं सगळं एकत्र काढून एका खोक्यात. क्लचचा मधला दांडा आणि त्याचा चासीवरचा ब्रॅकेट हे दोन नग सगळ्यात जास्त हरवतात. स्पीडोमीटरची केबल आणि तिचा छोटा गिअरही घ्या. गिअर लिव्हर काढला की वरच्या भोकावर जाड कापड बांधा.

९. एक्झॉस्ट. मॅनिफोल्डला हात न लावता खालच्या पाइपचा जोड सोडवा. तिथले स्टड गंजलेले असतात, जोर लावला की मोडतात. थोडं घट्ट, थोडं सैल असं मागे-पुढे करत काढा. गरम करायचं असेल तर आधी डिझेलचे पाइप आणि टाकी लांब, आणि आग विझवणारा सिलिंडर हाताशी.

१०. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र. वेगळे करून काढणं सोपं वाटतं पण तिथे नुकसान होतं. बॉक्स हाताने धरून मागे ओढताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर येतं, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो आणि बसवल्यावर क्लच सुटत नाही. म्हणून चेन इंजिनाच्या उचलायच्या कड्यांना, गिअरबॉक्सखाली ट्रॉली जॅक, आधी मागचं क्रॉस मेंबर सोडवा आणि मगच पुढची फाउंडेशन. सावकाश पुढे आणि वर. दर वीतभर उचलल्यावर थांबून सगळीकडून बघा, एखादी अर्थिंगची पट्टी राहिलेली असतेच. लटकत्या इंजिनाखाली हात-पाय घालायचे नाहीत, कोणीही, "एकच मिनिट" म्हणून सुद्धा नाही.

फाउंडेशनचे ब्रॅकेट चासीला वेल्ड असतील तर ग्राइंडरने चासीच्या तुकड्यासकट कापून घ्या, नमुना म्हणून लागतात. फक्त चासी नंबर ठोकलेला भाग कापून घ्यायचा नाही, तो डोनरच्या सांगाड्यावरच राहू द्या.

११. हाउसिंग सगळ्यात शेवटी. कारण साधं, तोपर्यंत गाडी चाकांवर ढकलता येते. चासी घोड्यांवर, जॅक हाउसिंगखाली, ब्रेकचा पाइप सोडून तोंड बंद, मग यू-बोल्ट. पाट्यांवर (सस्पेन्शनच्या स्प्रिंगांवर) ताण असतो, तेव्हा जॅक हळूहळू सोडा. यू-बोल्ट बसवताना नवेच घ्यायचे, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. आणि हाउसिंग ड्रम टू ड्रम पूर्ण घ्या. नुसता क्राउन-पिनियन काढून दुसऱ्या हाउसिंगमध्ये घालायचा तर शिम (पातळ चकत्या) लावून सेटिंग करणारा माणूस लागतो, आणि तो प्रत्येक गावात नसतो.

तपासा: जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात, स्टडच्या टोकावर 'एल' असतो. ते नेहमीच्या सोडायच्या दिशेने फिरवले तर जास्त घट्ट होतात आणि पाइप लावून जोर केला की स्टड तुटतो.

## ५. काढल्यावर, भंगारवाला येण्याआधी

सांगाडा लगेच विकू नका. पिकअप स्वतःच्या ताकदीने दहा-वीस किलोमीटर फिरेपर्यंत जागा असेल तर राहू द्या. जागा नसेल तर निदान ही यादी मिळवून मगच फोन करा: फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, बेल हाउसिंग आणि त्याच्या दोन सेंटरच्या पिना, सेल्फ, अल्टरनेटर, एअर फिल्टरचा डबा, अॅक्सलरेटरची केबल, इंजिन बंद करायची केबल किंवा सोलनॉइड, टेम्परेचर आणि ऑइल प्रेशरचे सेंडर, मागचं क्रॉस मेंबर, पाट्यांच्या खालच्या प्लेटा, पेडल बॉक्स, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर.

बोल्ट डब्यात ओतायचे नाहीत. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढायचा आणि ज्या भोकातला बोल्ट त्या जागी खोचायचा. लांबी वेगवेगळी असते, लांब बोल्ट आखूड जागी पिळला की अॅल्युमिनियमचं आवरण फुटतं किंवा आटे जातात.

इंजिन महिनाभराहून जास्त पडणार असेल तर नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल, भोकं बंद, आणि अधूनमधून क्रँक हाताने फिरवायचा. खाली लाकडी चौकट करा, ऑइल चेंबरवर वजन ठेवलं तर तो चेपतो आणि आतली जाळी बंद होते.

## ६. बसवण्याची पहिली फेरी, पक्कं वेल्डिंग न करता

पहिल्यांदा सगळं नुसतं ठेवून बघायचं. फाउंडेशन रबरसकट, रबर नसताना बसवून मग रबर घातलं की उंची बदलते. इंजिनाचा झुकाव डोनरमध्ये मोजला होता तोच ठेवा, आणि पिनियनचा कोन असा की पिनियनची रेषा आणि गिअरबॉक्सची रेषा एकमेकींना समांतर. एक अंशाचा फरक चालतो. शाफ्ट आणि त्या रेषांमधला कोन साधारण एक ते तीन अंश. अगदी शून्यही नको, क्रॉसच्या सुया फिरल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पडतात.

पाट्याचा गादा (हाउसिंगवरची पाट्यांची बैठक) आधी नुसता वेल्डिंगच्या टाचा मारून बसवा. गाडी चाकांवर पूर्ण वजनानिशी उभी करा, टाकी आणि बॉडी धरून, मगच प्रोपेलर शाफ्टचं माप घ्या. सरकत्या जोडाला आत जायला इंचभर जागा राहिली पाहिजे. घोडीवर हाउसिंग लटकत असताना माप घेऊन शाफ्ट कापून आणणारे दर वेळी भेटतात, मग पहिल्याच खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सला ढुशी देतो. माप पक्कं झालं की शाफ्ट लेथवाल्याकडे, कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी कापून, वेल्ड करून, बॅलन्सही करून मिळतो. घरी वेल्ड करायचा नाही.

जुनाच गिअरबॉक्स ठेवून नवं इंजिन अॅडॅप्टर प्लेटने जोडणार असाल तर बेल हाउसिंग क्रँकशी एकमध्य आहे का ते डायल गेज लावून बघा, पाच थाउच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांच्या, आत यायला हवं. आणि पायलट बेरिंग इनपुट शाफ्टच्या टोकाला बसतं का हे हातात धरून तपासा. पण खरं सांगू का, तीन गिअरचा टी-९० बॉक्स डिझेलच्या मागे फार काळ टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ब्रेकचं काम इंजिन चालू व्हायच्या आत उरकायचं. जास्त वजनाची, जास्त पळणारी गाडी आणि जुना एकेरी मास्टर सिलिंडर ही जोडी रस्त्यावर न्यायची नाही. डोनरचा दुहेरी मास्टर सिलिंडर आणि बूस्टर मघाशी ठेवलेलाच आहे.

तपासा, सेल्फ मारण्याआधी: जुनी वायरिंग ६ व्होल्टची होती की १२ ची? फार जुन्या गाड्या ६ च्या असतात, तिथले बल्ब, हॉर्न आणि मीटर सगळं बदलावं लागतं. इंजिनापासून चासीला जाड अर्थिंग दिलंय? गिअरबॉक्स आणि हाउसिंगमध्ये तेल भरलंय? इंजिन बंद करायची केबल ओढून बघितली, नक्की बंद होतं? डिझेल इंजिन चावी काढली म्हणून थांबेलच असं नाही.

पहिली चक्कर गावातल्या गावात, ४० च्या आत. परत आल्यावर हाउसिंगचा गोळा, चाकांचे हब आणि गिअरबॉक्सची शेपटी यांना हात लावून बघा, हात ठेवता येत नसेल तर थांबून कारण शोधा. शंभर किलोमीटरला यू-बोल्ट, प्रोपेलर शाफ्टचे नट आणि फाउंडेशन परत आवळा, पाचशेला पुन्हा एकदा, आणि त्याच वेळी गिअरबॉक्स आणि हाउसिंगचं तेल काढून नवं भरा. काढलेल्या तेलात चुंबक फिरवायला विसरू नका.